संधिवात आणि शरसंधान

आमच्या स्वयंपाकघरातील लोणच्याच्या बरणीचे झाकण आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा यांच्यामध्ये गेली सहा वर्षे जो वाद चालू आहे, त्यात आजवरचे सर्व निकाल झाकणाच्या बाजूने लागलेले आहेत. आणि प्रकरण एवढ्यावरच थांबते, तर म्हातारपणाचा आणखी एक कागद आला असे समजून मी ते मुकाट्याने दप्तरी दाखल करून टाकले असते. परंतु ज्या दिवशी सकाळी साडेसात वाजता ही बरणी मी हार मानून आमच्या कुटुंबाच्या स्वाधीन केली, त्याच दिवशी आठ वाजता परसात उभा राहून, चिंध्यांनी ठासून भरलेल्या बारदानाच्या पोत्यावर मी लागोपाठ सहा बाण मारले, आणि ते सहाही बाण आमच्या कुटुंबाने खिडकीतून पाहिले.

“अहो, बरणी उघडत नाही, आणि धनुष्य बरे ओढता येते?”

महसूल खात्यात चौतीस वर्षे काढून अव्वल कारकुनीपर्यंत चढलेल्या माणसाला फिर्याद, जबानी, पंचनामा या गोष्टींचे भय वाटू नये. तथापि इतका आटोपशीर आणि उत्तर देणाऱ्याला इतका गैरसोयीचा प्रश्न कोणा वकिलाने मला कधी विचारल्याचे स्मरत नाही. माझी कैफियत मी त्याच दिवशी, चहा निवेपर्यंत, सविस्तर सादर केली. झाकण फिरवावयाचे म्हणजे अंगठा व बोटे यांची पकड करून पिळावे लागते. आणि चिमटीच्या टोकाशी एक किलोचा भार आला, की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटालगत, जो सांधा आहे त्याच्यावर त्याच्या दहा-बारा पट दाब पडतो. उलट प्रत्यंचा ओढताना तर्जनी, मध्यमा व अनामिका या तिघींचा आकडा करून तो दोरीत अडकवावयाचा, आणि ओढण्याचे सारे काम पाठीच्या स्नायूंवर सोपवावयाचे, असा प्रकार असतो. अंगठा त्या वेळी तळहाताच्या आडोशाला, सासुरवाडीला मुक्कामास आलेल्या जावयाप्रमाणे, काही एक न करता स्वस्थ पडून असतो. कुटुंबाने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले व कप उचलता उचलता म्हटले, “मग बरणीसुद्धा पाठीनेच उघडत जा.”

या दुखण्याचा प्रवेश माझ्या देहात एखाद्या नव्या तलाठ्यासारखा, अगदी नम्रपणे झाला होता. प्रथम सदऱ्याचे वरचे बटण काजात जाईना. मग पायजम्याच्या नाडीची निरगाठ सुटण्यास, ज्या प्रसंगी विलंब मुळीच परवडत नाही त्या प्रसंगी, विलंब होऊ लागला. पुढे कुलपात किल्ली फिरवताना अंगठ्याच्या मुळातून अशी एक कळ निघाली की, चोराला हा त्रास होत असता तर जगात चोऱ्याच झाल्या नसत्या, असा एक विचार मनात येऊन गेला. त्यानंतर तर्जनी आणि मध्यमा यांच्या नखाजवळच्या सांध्यांवर हरभऱ्याच्या डाळीएवढ्या दोन-दोन गाठी उगवल्या. डॉक्टरांनी क्ष-किरणाचे चित्र खिडकीच्या उजेडासमोर धरले आणि “काका, झीज आहे” एवढेच सांगितले. सांध्यातली कूर्चा झिजली, हाडाला हाड भिडू लागले, बाकी घाबरण्याजोगे काही नाही. सरकारी इमारतीवर दरसाल घसारा धरतात हे मला ठाऊक होते. माझ्यावरही कोणी तो धरीत होते, ही मात्र नवी माहिती.

बोटांवरील या गाठींना विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याचे नाव आहे. हा गृहस्थ १७१० साली जन्मला, १८०१ साली वारला, आणि त्याच्या पश्चात १८०२ साली जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात या गाठींना फार तर अर्धे पान मिळाले आहे. त्यांचा फारसा त्रास होत नाही, त्या अडचणीच्या म्हणण्यापेक्षा दिसावयास वाईट इतकेच, अशा मतलबाचा शेरा त्याने मारून ठेवलेला आहे. या वैद्याची एकंदर कीर्ती मोठी असल्यामुळे मी अधिक काही बोलत नाही. मात्र त्याने लोणच्याची बरणी कधी स्वतः उघडली नसावी, एवढे निश्चित वाटते.

डॉक्टरांखेरीज ज्यांनी मला सल्ला दिला त्यांची यादी द्यावयाची तर मतदारयादीच जोडावी लागेल. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडेल, महायोगराज गुग्गुळ, हरभऱ्याची डाळ वातुळ म्हणून वर्ज्य, वांगे वातुळ म्हणून वर्ज्य, बटाटा वातुळ म्हणून वर्ज्य. अशा रीतीने ताटातील एकेक पदार्थ बरतर्फ होत होत अखेर केवळ मुगाचे वरण कायम नोकरीत राहिले. यांपैकी शेकाने बरे वाटते, हे कबूल केले पाहिजे. व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी तर पातळ केलेल्या कोमट मेणात माझा हात पाच-सहा वेळा बुडवून काढला. आणि वर पांढरा थर धरलेला तो हात टॉवेलात गुंडाळून मी वीस मिनिटे बसलो असता, आपण मनुष्य नसून एखाद्या देवळातील अर्धवट झालेली मूर्ती आहो असे वाटले. परंतु पुढचे दोन तास बोटे अशी सुटी झाली की, मी घरी येऊन पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर भिंतीवरचे धनुष्य खाली काढले.

या धनुष्याचा मला लागलेला नाद निवृत्तीनंतरचा नव्हे. नोकरीच्या आरंभी, १९७७ साली, माझी बदली तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील अक्राणी महालात, धडगावच्या कचेरीत झाली. ही बदली शिक्षा आहे असे मला सर्वांनी सांगितले होते, आणि मी ती शिक्षा समजूनच पत्र्याच्या ट्रंकेसह तेथे उतरलो. सातपुड्याच्या त्या डोंगरांत एका पाड्यावर पीकपाहणीसाठी गेलो असता, एक म्हातारा भिल्ल आपल्या नातवाला तीरकामठा शिकवीत होता. कामठा बांबूचा, आणि पाहतो तो दोरीसुद्धा सुताची नव्हे, बांबूच्याच पातळ चिपेची. मी, अर्थातच, मलाही येईल असे म्हणालो. पुराणातली चित्रे पाहून वाढलेल्या माणसाप्रमाणे मी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत बाण धरला, आणि तो बाण माझ्याच पायाजवळ, माझ्या हुद्द्याचा मान राखून, हळूच पडला. म्हाताऱ्याने माझा अंगठा दोन बोटांनी धरून बाजूला सारला, बाण तर्जनी व मध्यमा यांच्या मध्ये बसविला, आणि म्हणाला, “भाऊसाहेब, याला काम नाही.”

त्या वेळी मला ही एक डोंगरी रीत वाटली होती. आता चाळीसहून अधिक वर्षांनी तोच उपदेश मला डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिला आहे, आणि त्याची फी घेतली आहे.

त्या मुलखात एकलव्याला आपल्यापैकीच एक मानतात, आणि अंगठा न लावण्याचा संबंध त्याच्याशी जोडणारेही पुष्कळ भेटतात. द्रोणाचार्यांनी उजव्या हाताचा अंगठा मागितला व एकलव्याने तो दिला, इतकी गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली असते, आणि तेथेच डोळे पुसून पुस्तक मिटलेले असते. परंतु आदिपर्वात ती तेथे संपत नाही. पुढे तो निषादपुत्र उरलेल्या बोटांनी बाण ओढू लागला, मात्र त्याची पूर्वीची चपळाई राहिली नाही, अशी नोंद महाभारतकारांनी न विसरता केली आहे. हुकूम देणारे पुष्कळ असतात. हुकुमाच्या अंमलबजावणीनंतर पक्षकाराची स्थिती काय झाली, याचा अहवाल ठेवणारा विरळा. मला या नोंदीचा जो आधार वाटतो तो सांगता येण्याजोगा नाही. अंगठा नाही, वेग गेला, पण बाण चालू आहेत: माझ्या परसातील रोजच्या सकाळचे याहून नेमके वर्णन मला तरी करता आले नसते.

अंगठ्याचे हे माहात्म्य केवळ आपल्याच पुराणांत आहे असेही नाही. तुर्क आणि मोगल तिरंदाज अंगठ्यानेच चिल्ला ओढीत, आणि कातडे सोलवटू नये म्हणून अंगठ्यात हाडाची, शिंगाची, आणि बादशहाच असला तर संगेयशबाची अंगठी घालीत. फारसीत शस्त म्हणजे अंगठा, शस्त म्हणजे तिरंदाजाची ती अंगठी, आणि पुढे शस्त म्हणजे नेम. आपण मराठीत शिस्त धरून गोळी मारतो ती शिस्त याच कुळातली. म्हणजे ज्या शिस्तीच्या नावाखाली मी चौतीस वर्षे शिपायांना उभे केले आणि स्वतः साहेबांपुढे उभा राहिलो, तिचे मूळ ठाणे अंगठ्यात होते. आणि माझ्या अंगठ्याने जबाब दिल्यापासून माझ्या टेबलावरील कागद, औषधाच्या वेळा व दाढीचे दिवस यांत जो सावळागोंधळ माजला आहे, त्याला भाषाशास्त्राचा भक्कम आधार आहे. हे मी घरात सांगून पाहिले. ते मान्य झाले नाही.

संस्कृताकडून मात्र थोडी मदत झाली. दोन हाडे जेथे जोडली जातात तो संधी. बाण दोरीला जोडणे ते संधान. दोन वैऱ्यांमध्ये जो तह होतो तोही संधीच. सगळ्यांच्या मुळाशी सम् हा उपसर्ग आणि धा हा धातू. ज्याचे संधी बिघडले त्याने संधान सोडावे, असा कौल शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कधीच दिलेला होता. परंतु शब्द जर एकाच घरचे आहेत, तर त्यांच्यातील भांडण तिसऱ्या भावाने, म्हणजे तहाने, मिटविले पाहिजे, असे मनात येऊन मी माझ्या हातांशी वाटाघाटी सुरू केल्या.

तहात मुलूख सोडावा लागतो, आणि तो मी सोडला. माझे धनुष्य पंचेचाळीस रतली होते. रतल म्हणजे ज्याला आता पौंड म्हणतात ते. म्हणजे बाण हनुवटीपाशी येईपर्यंत पंचेचाळीस रतल वजन बोटांवर लटकल्यासारखे होते. ते पस्तिसावर आले, मग तिसावर, आणि गेल्या दिवाळीपासून चोविसावर. या उतरणीत बोटांना जेवढा आराम पडला, तेवढीच प्रतिष्ठेला कळ लागली. तिरंदाजांत आपले धनुष्य किती रतली, हे पेन्शनरांत आपले पेन्शन किती, याच्याइतके नाजूक प्रकरण असते. कोणी विचारीत नाही, पण सर्वांना ठाऊक असते. त्यातून मी नको तेव्हा वाचन केले. १५४५ साली बुडालेले मेरी रोझ हे इंग्लंडच्या राजाचे जहाज १९८२ साली वर काढले, त्यात शंभरावर धनुष्ये मिळाली, आणि त्यांचे वजन शंभर रतलांच्या पुढे होते, असे त्यात निघाले. चोवीस रतली धनुष्य हातात घेऊन असली पुस्तके वाचू नयेत.

परंतु तहाची काही कलमे अशी निघाली की, ती मी तीस वर्षांपूर्वीच स्वतः होऊन मान्य करावयास हवी होती. आमच्या गावातील एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, जे माझ्याबरोबर धनुष्य ओढीत, ते मला प्रथमपासून सांगत असत की, “रावसाहेब, धनुष्य आवळू नका, ते तळहातावर टेकू द्या.” धनुष्याच्या मध्याला, जेथे मूठ येते, अमरकोशात लस्तक असे नाव आहे, आणि त्या लस्तकावर मी आयुष्यभर अशी मूठ आवळली की, जणू कोणी तो जप्तीत नेत आहे. मूठ आवळली की धनुष्य सुटण्याच्या क्षणी पिळवटते व बाण डावीकडे-उजवीकडे जातो, हे मास्तर सांगत आणि मला पटत असे, फक्त हाताला पटत नसे. आता डाव्या हाताला आवळणेच अशक्य झाले. मुठीवर सुती चिंधीचे वेढे देऊन ती जाड केली, बोटे सैल सोडली, धनुष्य हातातून निसटू नये म्हणून बोटांभोवती एक नाडी बांधली, आणि अठरा पावलांवरून मारलेले माझे बाण एकमेकांच्या इतके जवळ पडू लागले की, मास्तरांनी तोंडातील पान बाजूला सारून विचारले, “हे केव्हापासून?” सांधेदुखीपासून, असे मी सांगितले. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे एकदा पाहिले. ते अगदी धडधाकट आहेत, आणि त्याचे त्यांना त्या दिवशी वाईट वाटल्यासारखे दिसले.

बाकीची कलमे किरकोळ आहेत. सकाळी उठल्याबरोबर बोटे लाकडासारखी असतात. वीस मिनिटे कोमट पाण्यात घालून त्यांची मनधरणी केल्याशिवाय दोरीला हात लावावयाचा नाही. चिल्ला चढविताना धनुष्य हातांनी वाकवावयाचे नाही. दोन्ही टोकांना दोरी अडकवून तिच्यावर पाय द्यावयाचा व उभे राहावयाचे. शंभर बाणांचे छत्तीस झाले. दोरी बोटांच्या टोकांवर न धरता पहिल्या पेराच्या घडीत खोल बसवावयाची, आणि मध्ये चामड्याचा तुकडा. महाभारतातले योद्धे गोधा आणि अंगुलित्राण बांधून रणात येत असत, त्यामुळे या चामड्याची मला लाज वाटत नाही. अंगठ्याला जे पट्ट्याचे आवरण रात्री बांधून निजावे लागते, त्याची मात्र वाटते, कारण अंधारात ते कुटुंबाला झुरळ वाटले होते.

माझी नात बारावीत आहे, आणि तिला हे सर्व कष्ट निरर्थक वाटतात. “आजोबा, तुम्ही कंपाउंड का घेत नाही?” असा तिचा प्रश्न. हे कंपाउंड धनुष्य १९६६ साली एका अमेरिकन गृहस्थाने काढले. त्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात, आणि दोरी पुरी ओढली की त्या चाकांच्या करामतीने निम्म्याहून अधिक वजन एकाएकी नाहीसे होते. आमच्या साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेतेपद मिळविले ते याच धनुष्यावर, त्यामुळे या गावात राहून त्याची निंदा करण्याची माझी प्राज्ञा नाही. परंतु ओढलेले वजन मध्येच कोठे जाते हे मला कळत नाही, आणि ज्या रकमेचा ताळा लागत नाही तिच्यावर सही करण्याची मला सवय नाही, असे मी तिला सांगितले. तिने काही न बोलता मोबाइलवर एक चित्रफीत लावून माझ्यापुढे धरली. काश्मीरकडच्या किश्तवारची शीतल देवी, जिला जन्मतः हातच नाहीत, खुर्चीवर बसून उजव्या पायाने धनुष्य धरते, खांद्याने दोरी ओढते, आणि बाण मध्यावर जातो. २०२४ साली पॅरिसला राकेश कुमारच्या जोडीने तिने कांस्यपदक मिळविले. चित्रफीत संपली तरी नात मोबाइल तसाच धरून उभी होती. त्या दिवशी मी छत्तिसांऐवजी बेचाळीस बाण मारले, आणि संध्याकाळी भाकरी मोडण्यासाठी कोणाचे तरी साहाय्य घ्यावे लागले.

अंगठ्याचा खरा सूड नोव्हेंबरात असतो. पेन्शनरांनी त्या महिन्यात हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. गेल्या खेपेस एका कचेरीत फॉर्मावर केलेली माझी सही जुन्या सहीशी जुळेना. जुळणार कशी, ती करताना लेखणी बोटांत नव्हे, मुठीत होती. खिडकीवरच्या तरुणाने अत्यंत आदराने सांगितले, “काका, तुम्ही अंगठा उठवा ना!” चौतीस वर्षे ज्याने दुसऱ्यांचे अंगठे शाईत बुडवून कागदावर टेकविले, त्याला निवृत्तीनंतर अंगठाबहाद्दर होण्याची ही सूचना. मी यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्राने तो ओळखला नाही. दुसऱ्यांदा जोराने दाबला, तेव्हा मी ओरडलो, यंत्राने तरीही ओळखले नाही. अखेर त्या तरुणाने दुसरे बोट ठेवावयास सांगितले; मी तर्जनी ठेवली, तिच्यावर दोरीने पडलेला घट्टा होता, तीही नामंजूर; मध्यमेची तीच गत; आणि करंगळीच्या जामिनावर मी जिवंत असल्याचे सरकारदरबारी मान्य झाले. याला काम नाही, असे त्या म्हाताऱ्या भिल्लाने सांगितले होते, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे केवळ तीरकामठाच असेल असे वाटत नाही.

एक गोष्ट मात्र तहात घालावयाची राहून गेली, आणि रोजचा सर्व तंटा आता तिच्यावर आहे. बाण मारण्यास अंगठा लागत नाही हे खरे. पण मारलेला बाण पोत्यातून उपटून काढण्यास लागतो, आणि चांगलाच लागतो. गुळगुळीत काठीवर चिमूट बसत नाही, बसली तर कळ येते. मास्तरांनी यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दिला; तो बाणाभोवती गुंडाळून सबंध मुठीने ओढले, की बाण लोण्यातून काढल्यासारखा येतो. मी हा तुकडा मोठ्या अभिमानाने घरात दाखविला. कुटुंबाने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, बरणीवर ठेवला, तळव्याने दाबून फिरविला, आणि सहा वर्षांचा वाद सुमारे दोन सेकंदांत निकालात निघाला.

तेव्हापासून त्या तुकड्याची मालकी अनिर्णीत आहे. तो भात्याला अडकविलेला असावा असे माझे म्हणणे. फोडणीच्या डब्याशेजारच्या खिळ्यावर असावा असे तिकडचे म्हणणे. आणि ताबा सध्या तिकडे आहे. आज सकाळी पहिले सहा बाण पोत्यात एका मुठीत मावतील असे जाऊन बसले, मी भात्याकडे हात नेला, तेथे काही नव्हते. खिडकीतून हाक मारली, तर “थांबा जरा, मुरांबा काढतेय,” असे उत्तर आले. आणि मी बाणांसमोर, दोन्ही हात काखेत धरून ऊब देत, मुरांबा निघण्याची वाट पाहत उभा राहिलो.